हाती पडणारा भाव: स्टेबलकॉइनचे रुपये करताना खर्च कसा ताडून पाहावा

जुन्नर तालुक्यातून आमच्या घरचा कांदा वाशीच्या बाजार समितीत येत असे आणि काही दिवसांनी आडत्याची हिशोबपट्टी घरी पोहोचत असे. पट्टीत वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे आणि अगदी शेवटच्या ओळीत निव्वळ रक्कम. वडील पट्टी खालून वर वाचत. आधी निव्वळ रक्कम, मग तिला किलोंनी भागून निघालेला भाव आणि त्यानंतर वर छापलेला भाव. आता ठाण्यात पाचपाखाडीतील माझ्या कार्यालयात ऐरोली, घणसोली, घोडबंदर रोड अशा भागांतून जी तरुण मंडळी परदेशी कामाचा मोबदला यूएसडीटी किंवा यूएसडीसी या स्टेबलकॉइनमध्ये, म्हणजे एका डॉलरशी किंमत बांधलेल्या डिजिटल नाण्यांत, घेऊन येतात, त्यांना मी हीच पट्टी मांडायला लावते. ‘शुल्क किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘एका नाण्यामागे बँकेत किती रुपये उतरले’ हा प्रश्न विचारला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सुरुवात तुलनेच्या मापापासून करावी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. स्टेबलकॉइन म्हणजे एक डॉलर, म्हणून डॉलरचा बँकेतील दर हेच माप, असे समजले जाते. भारतात तसे घडत नाही. इथल्या एक्सचेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावर, यूएसडीटीचा रुपयातील भाव बऱ्याचदा डॉलरच्या अधिकृत दरापेक्षा वर असतो, कारण नाणी हवी असणारे ग्राहक आणि नाणी विकणारे यांचे प्रमाण इथे वेगळे आहे आणि बाहेरून नाणी आणून तो फरक मिटवणे नियमांमुळे आणि करांमुळे सोपे नाही. डॉलर ९० रुपयांना आहे असे गणितासाठी धरू. एखाद्या अॅपने ९०.४० देऊ केले की विकणाऱ्याला वाटते, आपल्याला चाळीस पैसे जास्तच मिळाले. त्याच क्षणी खुल्या ऑर्डर बुकवर, म्हणजे खरेदीदार-विक्रेत्यांनी लावलेल्या भावांच्या यादीत, खरेदीदार ९२ द्यायला तयार असेल, तर प्रत्येक नाण्यामागे १ रुपया ६० पैसे गेलेले असतात आणि ते कोणत्याही पावतीवर दिसत नाहीत. म्हणून माप घ्यायचे ते भारतीय ऑर्डर बुकवरील मधल्या भावाचे, म्हणजे सर्वांत वरचा खरेदीभाव आणि सर्वांत खालचा विक्रीभाव यांच्या सरासरीचे. खरेदीभाव ९२.०० आणि विक्रीभाव ९२.४० असेल तर माप ९२.२० होईल. या लेखातील सर्व भाव आणि शुल्के उदाहरणादाखल धरलेली आहेत. आपल्या दिवशीचे आकडे आपणच भरावेत.

भाव एकाच मिनिटाला टिपावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. ठाण्याला लोकलमध्ये बसताना एका अॅपचा भाव पाहिला आणि वाशीला उतरताना दुसऱ्याचा, तर त्या अर्ध्या तासात बाजार किती हलला हेच आपण मोजत बसतो. दोन्ही पडदे शेजारी ठेवून स्क्रीनशॉट घ्यावेत, म्हणजे वेळही आपोआप नोंदली जाते. रक्कमही सर्व मार्गांसाठी एकच धरावी, आणि ती आपण खरोखर विकणार आहोत तेवढीच असावी.

आता १,००० यूएसडीटीची पट्टी मांडू. नाणी आपल्या वॉलेटमधून (नाणी ठेवण्याच्या स्वतःच्या अॅपमधून) एफआययू-इंडिया या आर्थिक गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजवर पाठवली, नेटवर्कचा खर्च दीड नाण्याएवढा आला, सोयीसाठी तो नाण्यांतूनच गेला असे धरले, आणि ९९८.५० नाणी पोहोचली. ती ऑर्डर बुकवर ९२.०० ला लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावापेक्षा कमीला न विकण्याची सूचना) लावून विकली.

विक्रीची रक्कम: ९१,८६२.०० रुपये
एक्सचेंजचे शुल्क, ०.२५ टक्के धरून: २२९.६६
त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी: ४१.३४
बँकेत पाठवण्याचे शुल्क, जीएसटीसह: ११.८०
टीडीएस, १ टक्का: ९१८.६२
बँकेत जमा: ९०,६६०.५८

टीडीएस हा खर्च नाही. तो आपल्या नावावर भरलेला कर आहे. म्हणून तुलनेसाठी तो जमा रकमेत पुन्हा जोडावा: ९०,६६०.५८ अधिक ९१८.६२ म्हणजे ९१,५७९.२० रुपये. सुरुवातीच्या १,००० नाण्यांनी भागले की हाती पडलेला भाव निघतो ९१.५८. मधल्या भावाने पूर्ण रक्कम ९२,२०० झाली असती, म्हणजे या मार्गाचा खरा खर्च ६२०.८० रुपये, सुमारे ०.६७ टक्के.

आता त्याच अॅपमधील ‘झटपट विक्री, शून्य शुल्क’ असे बटण दाबले आणि भाव ९०.४० मिळाला असे धरू. विक्रीची रक्कम ९०,२६४.४०, शुल्क काहीच नाही, बँकेत पाठवण्याचे ११.८० वजा. टीडीएस पुन्हा जोडून रक्कम राहते ९०,२५२.६०, म्हणजे नाण्यामागे ९०.२५. मधल्या भावापासून अंतर १,९४७.४० रुपये, म्हणजे २.११ टक्के. शून्य शुल्काचा मार्ग शुल्क घेणाऱ्या मार्गापेक्षा १,३२६.६० रुपयांनी महाग पडला. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांनी हेच बटण वापरलेले असते, आणि त्यांच्या पावतीवर शुल्काच्या रकान्यात शून्य लिहिलेले असल्याने त्यांना दोष तरी काय द्यावा? खर्च भावात मुरवलेला असतो आणि भाव हा खर्च आहे असे पावती कधीच सांगत नाही.

ऑर्डर बुकवर विकतानाही एक काळजी घ्यावी लागते. पडद्यावर ठळक दिसणारा ९२.०० हा भाव सर्व नाण्यांसाठी नसतो. वरच्या भावाला फक्त ३०० नाण्यांचे गिऱ्हाईक असेल, त्याखाली ९१.८५ ला ४०० आणि पुढची ९१.६० ला, अशी उतरंड असू शकते. अशा वेळी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच विकण्याची सूचना) टाकली तर ९९८.५० नाण्यांचे ९१,६८२.६० रुपये होतात, म्हणजे लिमिट ऑर्डरपेक्षा १७९.४० रुपये कमी. हे नुकसान शुल्काच्या रकमेच्या तीन चतुर्थांशापेक्षा अधिक आहे, तरी ते कुठेही ‘शुल्क’ म्हणून दिसत नाही. यूएसडीटी आणि रुपया या जोडीत भारतीय बाजारांवर खोली, म्हणजे प्रत्येक भावाला तयार असलेले गिऱ्हाईक, बरी असते; यूएसडीसी आणि रुपया या जोडीत ती पातळ असण्याची शक्यता अधिक, म्हणून तिथे उतरंड पाहिल्याशिवाय ऑर्डर टाकू नये. लिमिट ऑर्डर लावून थांबल्यास ऑर्डर भरेपर्यंत भाव खाली जाऊ शकतो हे खरे. पण स्टेबलकॉइनचा भाव मिनिटामिनिटाला फार उड्या मारत नसल्याने थोडे थांबणे बहुधा परवडते.

पातळ बाजार टाळण्यासाठी काही जण आधी यूएसडीसीचे यूएसडीटी करतात आणि मग रुपये करतात. भारतीय कायद्यात एका नाण्याचे दुसरे नाणे करणे हेही हस्तांतरणच आहे, म्हणून तिथे १ टक्का टीडीएस लागतो आणि रुपये करताना पुन्हा १ टक्का. ही रक्कम बुडत नाही, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकून राहते. शक्य असेल तर देणाऱ्यालाच सांगावे की, आमच्याकडे ज्या नाण्याचा बाजार खोल आहे तेच पाठवा.

नेटवर्कच्या खर्चाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण छोट्या रकमांत हाच खर्च सर्वांत जड असतो. तोच यूएसडीटी ट्रॉनवर असतो, इथेरियमवर असतो, इतर साखळ्यांवरही (नाण्यांचे व्यवहार नोंदवणाऱ्या ब्लॉकचेन जाळ्यांवरही) असतो, आणि प्रत्येक ठिकाणी पाठवणावळ वेगळी पडते. इथेरियमवर ती गर्दीप्रमाणे चढते-उतरते. ट्रॉनवर ती टीआरएक्स या नाण्यात द्यावी लागते, म्हणून वॉलेटमध्ये थोडे टीआरएक्स नसेल तर हजार यूएसडीटी असूनही ते हलवता येत नाहीत. शिवाय ज्या पत्त्यावर आजवर यूएसडीटी आलेलाच नाही, त्याकडे पहिल्यांदा पाठवताना खर्च जवळपास दुप्पट होतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही पाठवणावळ रकमेच्या टक्क्याने ठरत नाही. दीड नाण्याची पाठवणावळ १०० नाण्यांवर दीड टक्का होते आणि ५,००० नाण्यांवर ०.०३ टक्के. त्यामुळे दर आठवड्याला थोडी थोडी नाणी पाठवण्यापेक्षा महिन्याची एकदम पाठवणे स्वस्त पडते. मात्र नवीन पत्त्यावर पाठवताना आधी दहा-पंधरा नाण्यांची चाचणी करावी, एक्सचेंजच्या किमान जमा मर्यादेपेक्षा ती कमी नसावी, आणि चाचणीची पाठवणावळ आनंदाने खर्ची टाकावी. एक्सचेंज स्वीकारत नाही अशा साखळीवरून नाणी पाठवल्याने वाचवलेल्या पाठवणावळीच्या शेकडो पट रक्कम गेल्याची उदाहरणे माझ्यासमोर बसून सांगितली गेली आहेत.

एकदम पाठवायचे म्हणून एक्सचेंजवर महिनोन्‌महिने नाणी साठवू नयेत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची मालमत्ता गेली आणि त्यानंतर ग्राहकांची नाणी दीर्घकाळ अडकून पडली. नाणे स्वतःही कायम एक डॉलरला चिकटून राहील असे नाही: मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसीच्या राखीव निधीतील ३.३ अब्ज डॉलर तिथे असल्याचे कळताच त्या नाण्याचा भाव ९० सेंटच्याही खाली घसरला होता. तो काही दिवसांत सावरला, पण त्या शनिवार-रविवारी घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान कायमचे झाले. साठवण वॉलेटमध्ये आणि विक्री एक्सचेंजवर, असे वाटप ठेवावे.

आता पी-टू-पी, म्हणजे ऑर्डर बुकवर न विकता थेट दुसऱ्या व्यक्तीला नाणी देऊन तिच्याकडून खात्यात पैसे घेणे. घणसोलीत राहणारा माझा मावसभाऊ एकदा मला म्हणाला, “ताई, तिथे नाण्यामागे दीड रुपया जास्त मिळतोय, सोडू कशाला?” हजार नाण्यांमागे पंधराशे रुपये. त्याने विकले, पैसे दोन मिनिटांत खात्यात आले आणि तो खूश झाला. तीन आठवड्यांनी त्याचे बँक खाते गोठले. खरेदीदाराने पाठवलेले पैसे दुसऱ्या राज्यातील कुणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते, त्या माणसाने सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली होती, आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे गेला त्या साखळीत माझा भाऊ आला होता. पगार त्याच खात्यात, घराचा हप्ता त्याच खात्यातून. हप्ता दोनदा परत गेला, दंड बसला, मावशीला झोप लागेना. तपास अधिकाऱ्याकडे करारपत्र, नाण्यांच्या व्यवहाराची नोंद आणि खातेउतारे पाठवून ना-हरकत मिळेपर्यंत तीन महिने गेले. पंधराशे रुपयांची पट्टी मी त्याला नंतर मांडून दाखवली: दंड, टपाल, सुट्ट्यांचा कापलेला पगार एवढेच धरले तरी वजाबाकी उणे येत होती. पैसे गमावलेल्या त्या अनोळखी माणसाची तक्रार पूर्णपणे रास्त होती, हेही मी विसरू शकत नाही.

म्हणून पी-टू-पीचा भाव पट्टीत लिहिताना मी शेजारी जोखमीची ओळ लिहायला लावते, आणि माझे मत विचाराल तर त्या वाटेने जाऊच नये. तरीही कोणी जाणारच असेल, तर पैसे पाठवणाऱ्याच्या बँक खात्यावरील नाव आणि मंचावरील पडताळलेले नाव तंतोतंत जुळल्याखेरीज नाणी सोडू नयेत, तिसऱ्याच्या खात्यातून आलेली रक्कम स्वीकारू नये, आणि पगाराचे किंवा हप्त्याचे खाते यासाठी कधीही वापरू नये. शिवाय तिथे टीडीएस कापण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. त्याने तो कापला नाही म्हणून आपले उत्पन्न करमुक्त होत नाही.

कराचे नियम नाणी विकण्याच्या प्रत्येक मार्गावर सारखेच असल्याने तुलनेत कर घेऊ नये, पण तो समजून घेतल्याशिवाय शेवटचा आकडा कळत नाही. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११५बीबीएचनुसार व्हर्च्युअल डिजिटल मालमत्तेच्या (कायद्यात अशा नाण्यांना हेच नाव आहे) नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के लागतात. कलम १९४एसनुसार १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. पैसे देणारा व्यवसाय नसलेली व्यक्ती किंवा मर्यादेखालील छोटा व्यावसायिक असेल तर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत आणि इतर कोणी असेल तर १०,००० रुपयांपर्यंत टीडीएसची सूट आहे. एक्सचेंज मात्र सहसा पहिल्या विक्रीपासूनच कापते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून जुन्या आणि नव्या वर्षांची कागदपत्रे वाचताना गोंधळू नये.

या कराचा खर्चाशी संबंध एवढाच की नफा मोजताना केवळ खरेदीची किंमत वजा करता येते. एक्सचेंजचे शुल्क, त्यावरील जीएसटी, पाठवणावळ यांपैकी काहीही वजा होत नाही. समजा, कामाचा मोबदला म्हणून नाणी आली त्या दिवशी बाजारभाव ९१.२० होता. त्या भावाने ती रक्कम आपले व्यावसायिक उत्पन्न ठरते, आणि तोच भाव नाण्यांची खरेदी किंमत म्हणून धरला जातो. नंतर ९२.०० ला विकल्यावर ९९८.५० नाण्यांवर ७९८.८० रुपये नफा आणि त्यावर २४९.२३ रुपये कर. शुल्कापोटी गेलेले २७१ रुपये दाखवून हा कर कमी होत नाही. भाव घसरून तोटा झाला, तर तो दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वळता करता येत नाही आणि पुढील वर्षातही नेता येत नाही. म्हणून नाणी आली त्या दिवशीच्या भावाचा पुरावा जपणे हे शुल्कात दहा-वीस रुपये वाचवण्याहून अधिक मोलाचे आहे.

बँकेच्या परदेशी हस्तांतरणाशीही तुलना करून पाहावी. परदेशी ग्राहकाने १,००० डॉलर थेट बँकेत पाठवले, मधल्या बँकेने २० डॉलर कापले आणि आपल्या बँकेने ८९.२० चा दर दिला असे धरले, तर ९८० डॉलरचे ८७,४१६ रुपये होतात. चलन बदलण्याच्या सेवेवर एक लाखापर्यंत रकमेच्या १ टक्का मूल्य धरून १८ टक्के जीएसटी लागतो, तो १५७.३५. उरले ८७,२५८.६५. स्टेबलकॉइनच्या मार्गाने ४,३२० रुपये जास्त मिळाले असे दिसते, आणि याच आकड्यावर बहुतेकांचा निर्णय होतो.

पण पट्टी इथे अर्धवट राहते. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम २(६) प्रमाणे सेवा ‘निर्यात’ ठरण्यासाठी मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत यावा लागतो. आयकर कायद्याच्या व्याख्येतच व्हर्च्युअल डिजिटल मालमत्ता भारतीय किंवा परकीय चलनापासून वेगळी ठेवलेली आहे, आणि स्टेबलकॉइनच्या व्यवहारात परकीय चलन आल्याचे बँकेचे प्रमाणपत्रही मिळत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे जाऊन ज्यांची जीएसटी नोंदणी झाली आहे, त्यांचा निर्यात म्हणून शून्य दराने जीएसटी लावण्याचा दावा अशा वेळी अडचणीत येतो, आणि १८ टक्के कर म्हणजे आपल्या उदाहरणात १६,५०० रुपयांच्या आसपास. त्यापुढे ४,३२० रुपयांचा फायदा कुठल्या कुठे जातो. निर्यातीचा मोबदला अधिकृत डीलर (परकीय चलनाच्या व्यवहारांची परवानगी असलेल्या) बँकेमार्फत यावा ही परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील अपेक्षा तर उलाढालीच्या आकड्यावर अवलंबूनच नाही. नियमित परदेशी काम करणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच सांगते की पुढचे बिल बँकेच्या मार्गाने घ्या, आणि वर मांडलेली पद्धत हातात आधीच आलेली नाणी मोकळी करण्यासाठी वापरा.

पद्धत वापरायला अर्धा तास पुरतो. साध्या वहीत प्रत्येक मार्गाला एक पान द्यावे. वर तारीख, वेळ आणि मधला भाव, मग पोहोचलेली नाणी, मिळालेला सरासरी भाव, शुल्क, जीएसटी, बँकेत पाठवण्याचे शुल्क, टीडीएस आणि खाली जमा रक्कम. पहिल्यांदा १०० नाणी विकून ही पाने भरावीत आणि अंदाजाचे आकडे बँकेच्या उताऱ्यातील जमा रकमेशी जुळवावेत. काही रुपयांचा फरक निघाला तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मोठी रक्कम पाठवू नये. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा ताडून पाहावे, कारण एक्सचेंजची शुल्कपत्रके बदलतात आणि ऑर्डर बुकची खोलीही.

या पानांना एक फाइल जोडावी. तिच्यात ग्राहकाशी झालेला करार, बिल, नाणी आलेल्या व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरील ओळख क्रमांक), त्या दिवशीच्या भावाचा स्क्रीनशॉट, एक्सचेंजचे विक्रीपत्रक आणि टीडीएसची नोंद दाखवणारा २६एएस या आयकर खात्याच्या विवरणाचा उतारा असावा. बँकेच्या शाखेतून ‘ही रक्कम कशाची’ अशी विचारणा आली की ही फाइल घेऊन जावे आणि उत्तर लेखी द्यावे. विवरणपत्रातील व्हर्च्युअल डिजिटल मालमत्तेचे परिशिष्ट भरताना लागणाऱ्या तारखा आणि रकमा त्याच फाइलमधून मिळतात.